अपंगत्वाचा लाभ आणि पूर्णवेळ नोकरी

नाशिक म्हटले की गोदाघाट, रामकुंड, पंचवटी आणि सिंहस्थ पर्वणी यांचे स्मरण प्रथम व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु या पुण्यक्षेत्राला गेल्या शतकात उद्योगनगरीचे दुसरे रूपही लाभले. नाशिक रोड येथे १९२५ मध्ये भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलार्थ पत्र मुद्रणालय सुरू झाले. ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला. पुढे सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील औद्योगिक वसाहती गजबजू लागल्या. आज सकाळच्या पाळीच्या वेळी त्र्यंबक रस्त्यावर उभे राहिले, तर सायकली, दुचाकी आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांची रीघ लागलेली दिसते. हजारो कुटुंबांची चूल या रहदारीवर अवलंबून आहे.

जेथे यंत्र आहे तेथे अपघाताची शक्यताही आहे. पॉवर प्रेसखाली बोटे सापडतात, उडालेल्या कणाने डोळा जातो, कामावर येता-जाता रस्त्यावर पाय गमावावा लागतो. जखम भरून येते. पण कामगार रुग्णालयातून घरी येतो तेव्हा त्याच्यापुढे एक वेगळाच प्रश्न उभा असतो. "मला आता दरमहा अपंगत्वाचे पैसे मिळणार आहेत. मी पुन्हा पूर्णवेळ कामावर गेलो, तर ते बंद होतील काय?" शेजारी सांगतो, "कामाला लागलास की पैसे बंद." दुसरा सांगतो, "गुपचूप काम कर, कोणाला कळते?" पहिल्या सल्ल्यामुळे काम करू शकणारा माणूस घरी बसतो. दुसऱ्या सल्ल्यामुळे प्रामाणिक माणूसही चोरासारखा वावरू लागतो, आणि पुष्कळदा तर लपविण्याजोगे काही नसतानाच!

वास्तविक या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण 'अपंगत्वाचे पैसे' ही एकच गोष्ट नाही. अपंग, किंवा आजच्या शासकीय परिभाषेत दिव्यांग, व्यक्तीला मिळणारे साहाय्य तीन वेगवेगळ्या हेतूंनी दिले जाते. हा हेतू लक्षात घेतला की पूर्णवेळ नोकरीचा त्या साहाय्यावर काय परिणाम होईल, हे ज्याचे त्याला बव्हंशी उमगते. प्रस्तुत लेखाचा उद्देश हा भेद स्पष्ट करण्याचा आहे.

एकच फाटक, दोन कामगार

समजुतीसाठी दोन काल्पनिक उदाहरणे घेऊ. अंबडच्या एका कारखान्याच्या फाटकातून रोज सकाळी दोन व्यक्ती आत जातात. त्यांतील एक पूर्वी पॉवर प्रेसवर काम करीत असे. अपघातात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. उपचारानंतर कारखान्याने त्याला भांडार विभागात घेतले. दुसरी व्यक्ती एक तरुणी आहे. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे तिचा पाय अधू आहे. आजवर तिला तहसील कार्यालयामार्फत दरमहा अनुदान मिळत होते. आता तिला त्याच कारखान्याच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी मिळाली आहे.

दोघेही अपंग आहेत, दोघेही पूर्ण वेळ काम करतात, दोघांनाही मासिक वेतन मिळते. तथापि पहिल्याचा अपंगत्व लाभ आयुष्यभर चालू राहील, तर दुसरीचे अनुदान बंद होईल. वरवर पाहता हा पक्षपात वाटेल. परंतु दोघांना मिळणाऱ्या पैशांचे मूळच भिन्न आहे.

पहिला प्रकार : गमावलेल्या क्षमतेची भरपाई

पहिल्या कामगाराला मिळणारा लाभ कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे कामगारांच्या बोलीतील 'ई. एस. आय.' चा आहे. या योजनेचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये शासनाला सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४८ मध्ये कायदा संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रत्यक्ष आरंभ झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून ही योजना आता त्या संहितेच्या चौथ्या प्रकरणात समाविष्ट झाली आहे. जुन्या कायद्याखाली प्राप्त झालेले हक्क त्यामुळे संपुष्टात येत नाहीत. लोकांच्या ओळखीची म्हणून या लेखात जुनीच नावे वापरली आहेत.

या योजनेत अपंगत्वाचे दोन लाभ आहेत आणि सारा घोटाळा बहुधा येथेच होतो.

पहिला तात्पुरता अपंगत्व लाभ. अपघातानंतर कामगार उपचार घेत असतो आणि कामावर जाऊ शकत नाही, त्या काळासाठी हा लाभ असतो. सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने तो मिळतो. हा लाभ बुडालेल्या मजुरीऐवजी दिला जातो. त्यामुळे ज्या दिवशी कामगाराने काम केले, किंवा ज्या दिवसाच्या रजेचे वेतन त्याला मिळाले, त्या दिवसाचा हा लाभ त्याला घेता येत नाही. एकाच दिवसाची मजुरी आणि त्या मजुरीची भरपाई, दोन्ही घेणे कायद्याला मान्य नाही.

दुसरा कायम अपंगत्व लाभ. उपचार संपले, पण शरीराची हानी कायम राहिली, तर वैद्यकीय मंडळ त्या कामगाराची तपासणी करते आणि त्याची कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली हे ठरविते. कायद्याच्या परिशिष्टात अनेक इजांसाठी ही टक्केवारी निश्चित करून दिलेली आहे. एका हाताचा अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, दोन्ही हात गेल्यास १०० टक्के, असे तिचे स्वरूप आहे. परिशिष्टात नसलेल्या इजेबाबत मंडळ स्वतः निर्णय करते.

आता आपल्या कामगाराचा हिशेब पाहू. अपघातापूर्वी त्याचे सरासरी दैनिक वेतन ५०० रुपये होते असे समजू. त्याचे ९० टक्के म्हणजे ४५० रुपये. अंगठा गेल्याने क्षमता ३० टक्के घटली. ४५० चे ३० टक्के म्हणजे १३५ रुपये. हा झाला त्याच्या लाभाचा दैनिक दर. तीस दिवसांच्या महिन्याला ही रक्कम ४,०५० रुपये होते. ही रक्कम त्याला हयातभर मिळावयाची आहे आणि महागाईचा विचार करून ती वेळोवेळी वाढविलीही जाते.

तो भांडार विभागात पूर्ण पगारावर रुजू झाला, तरी या ४,०५० रुपयांना बाधा येत नाही. पुढे त्याला बढती मिळाली, त्याने कारखाना बदलला, किंवा त्याचे वेतन योजनेच्या मर्यादेपलीकडे गेले, तरीही नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपये असून दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ती २५ हजार रुपये ठेवण्यात आली. कायद्याने येथे भरपाई दिली आहे ती 'क्षमते'ची, प्रत्यक्ष मिळकतीची नव्हे. अंगठा नसलेला कामगार अधिक कष्टाने, अधिक चिकाटीने पूर्वीइतकेच वेतन मिळवील; पण त्याचा अंगठा परत येत नाही. उद्या हा कारखाना बंद पडला, तर नव्या कारखान्याच्या दारात त्याला दोन धडधाकट हातांच्या माणसाशी स्पर्धा करावी लागेल. त्याच्या परिश्रमाचे फळ त्याच्या हक्कातून वजा करणे म्हणजे कष्टाळूपणाला दंड करणे होय. कायद्याने ते टाळले आहे.

हे तत्त्व केवळ आपल्याकडचे नाही. ब्रिटनमध्ये औद्योगिक अपघातातील अपंगत्वाचा लाभ नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. उलट अमेरिकेतील सामाजिक सुरक्षेचे अपंगत्व निवृत्तिवेतन 'काम करता येत नाही' या कारणासाठी दिले जाते. म्हणून तेथे नऊ महिने काम करून पाहण्याची मुभा असली, तरी पुढे कमाई ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास ते थांबते. दोन्ही देशांत प्रश्न एकच विचारला जातो : हे पैसे कशासाठी दिले होते?

एकरकमी भरपाई आणि इतर निवृत्तिवेतने

कर्मचारी राज्य विमा योजना ज्यांना लागू नाही, अशा कामगारांसाठी १९२३ च्या भरपाई कायद्याने वेगळी सोय केली होती. तीही आता त्याच संहितेत आली आहे. येथे मालकाने एकरकमी भरपाई द्यावयाची असते. एकदा मिळालेली ही रक्कम पुढे नोकरी लागली म्हणून परत करावी लागत नाही. या कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिलेला एक निर्णय मननीय आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एक हात शाबूत आहे, म्हणून अपंगत्व अंशतः आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. न्यायालयाने तो मानला नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब तो ज्या कामावर जगत होता त्या कामापुरता तो पूर्णतः अक्षम झाला आहे, असे न्यायालयाने ठरविले. अन्य एखादे काम त्याला करता येईल, एवढ्याने त्याचा हक्क कमी होत नाही.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्येही हाच विचार दिसतो. सेवेत असताना कायमचे व संपूर्ण अपंगत्व आल्यास, किमान एक महिन्याची वर्गणी जमा असलेल्या सदस्याला तहहयात निवृत्तिवेतन मिळते. वैद्यकीय मंडळाने पाहावयाचे असते ते एवढेच, की अपंगत्व येतेवेळी सदस्य जे काम करीत होता त्या कामासाठी तो कायमचा अपात्र ठरला आहे काय.

देवळाली व नाशिक रोड परिसराचे तोफखान्याशी जुने नाते असल्यामुळे माजी सैनिकांची अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. सैनिकी सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा बळावलेल्या अपंगत्वाबद्दल सैनिकाला निवृत्तिवेतनात अपंगत्वाचा वेगळा घटक मिळतो. नंतर त्याने एखाद्या कारखान्यात वा कार्यालयात नोकरी धरली, तरी तो घटक चालू राहतो. देशासाठी सोसलेल्या हानीची ती भरपाई आहे. नव्या मालकाने दिलेल्या पगाराशी तिचा संबंध नाही.

द्राक्षबागा आणि कांदा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात शेतकऱ्यांचा उल्लेख टाळून चालणार नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली अपघातात एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये, आणि दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये दिले जातात. हे अनुदानही एकरकमी असल्याने पुढील शेतीच्या अथवा नोकरीच्या उत्पन्नाचा त्यावर परिणाम होत नाही.

दुसरा प्रकार : निर्वाहासाठी आधार

आता दुसऱ्या उदाहरणातील तरुणीकडे वळू. तिला मिळणारे अनुदान संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे आहे. राज्यात १९८० पासून चालू असलेल्या या योजनेने विधवा, निराधार, दुर्धर आजाराने ग्रस्त आणि अपंग व्यक्तींना मोठा आधार दिला आहे. दरमहा १,५०० रुपये असलेले हे अनुदान दिव्यांगांसाठी २,५०० रुपये करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला.

या योजनेत अपंगत्वाची अट आहे, ती किमान ४० टक्क्यांची. परंतु केवळ अपंगत्व पुरेसे नाही. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचीही मर्यादा आहे. सर्वसाधारण अर्जदारासाठी ती २१ हजार रुपये आणि दिव्यांगांसाठी ५० हजार रुपये आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. हे अनुदान अवयव गमावल्याची भरपाई नाही. ज्याला निर्वाहाचे दुसरे साधन नाही, त्याच्यासाठी समाजाने पुढे केलेला तो हात आहे. साधन लाभले की तो हात दुसऱ्या गरजूकडे वळावयाचा असतो.

आपल्या उदाहरणातील तरुणीला दरमहा १२ हजार रुपये वेतन मिळते असे धरले, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार रुपये होतात. उत्पन्नाची मर्यादा पहिल्या पाच महिन्यांतच ओलांडली जाते. तिचे अनुदान बंद होणे हे नियमाला धरूनच आहे. हातात येणाऱ्या पैशांचा विचार केला, तर २,५०० रुपये गेले आणि १२ हजार आले. म्हणजे महिन्याला साडेनऊ हजारांची वाढ झाली. शिवाय भविष्यनिर्वाह निधी आणि आजारपणाचा विमा यांचे छत्र मिळाले ते वेगळेच.

तरीही अशा व्यक्तीच्या मनातील भीती निराधार नसते. नोकरी हंगामी निघाली, किंवा सहा महिन्यांत कंत्राट संपले, तर? पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा समितीची मंजुरी, हा सारा प्रवास नव्याने करावा लागेल. मधल्या महिन्यांत खायचे काय? या भीतीपोटी कित्येक जण चालून आलेली नोकरी नाकारतात, किंवा नोकरी धरून अनुदानही चालू ठेवतात. पहिल्या मार्गात आयुष्याची संधी हुकते. दुसऱ्या मार्गात, पडताळणीत बाब उघडकीस आल्यावर, घेतलेली रक्कम परत करण्याचा प्रसंग ओढवू शकतो. खर्च झालेला पैसा परत करणे किती जड असते, हे गरिबाला सांगावयास नको.

यातून सुटण्याचा मार्ग साधा आहे. नोकरीवर रुजू होताच तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेला लेखी कळवावे. कळविल्याची पोच घ्यावी आणि ती अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासोबत जपून ठेवावी. नोकरी सुटल्यास कामावरून कमी केल्याचा कागद मिळवावा आणि नव्याने अर्ज करावा. पूर्वीचे अनुदान प्रामाणिकपणे बंद करविले होते, ही पोच अशा वेळी अर्जदाराची मोठी साक्ष ठरते. तात्पुरत्या नोकरीनंतर अनुदान पुन्हा सत्वर सुरू व्हावे, ही अपेक्षा मात्र रास्त आहे. दिव्यांगांना स्वावलंबनाचे पहिले पाऊल निर्भयपणे टाकता यावे, यासाठी कार्यपद्धतीत जितकी सुलभता येईल तितकी ती हवीच आहे.

तिसरा प्रकार : अपंगत्वाच्या वाढीव खर्चासाठी सवलती

साहाय्याचा तिसरा प्रकार भरपाईचाही नाही आणि निर्वाहाचाही नाही. अपंग व्यक्तीला जगण्यासाठी इतरांपेक्षा अधिक खर्च येतो. धडधाकट माणूस पायी जाईल तेथे तिला रिक्षा करावी लागते. कुबड्या, कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र यांची देखभाल असते. कधी सोबतीस माणूस न्यावा लागतो. कामावर जाऊ लागल्यावर हा खर्च कमी न होता उलट वाढतो. यास्तव या सवलती नोकरी करणाऱ्यालाही मिळतात.

एस. टी. च्या साध्या गाड्यांत दिव्यांगांना मिळणारी ७५ टक्के प्रवास सवलत प्रमाणपत्रावर मिळते. प्रवासी नोकरी करतो काय, हे वाहक विचारीत नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्या दिव्यांग करदात्याला ४० टक्के वा अधिक अपंगत्वासाठी ७५ हजार रुपयांची, आणि ८० टक्के वा अधिक अपंगत्वासाठी सव्वा लाख रुपयांची वजावट मिळते. केंद्र शासनाच्या सेवेतील पात्र दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाहतूक भत्ता दुप्पट दराने दिला जातो. ही वजावट आणि हा भत्ता तर नोकरदार वा मिळवत्या माणसासाठीच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे 'कामाला लागलास की सारे बंद' हा समज किती चुकीचा आहे, हे पटेल.

दोन टक्केवारी, दोन दाखले

येथे आणखी एका गोंधळाचा उलगडा करणे अगत्याचे आहे. विमा योजनेचे वैद्यकीय मंडळ जी टक्केवारी देते ती कमाईच्या क्षमतेतील घटीची असते. शासकीय रुग्णालयातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावरील किंवा वैश्विक ओळखपत्रावरील टक्केवारी शारीरिक अथवा अन्य अपंगत्वाची असते. ही दोन्ही मोजमापे भिन्न असून ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

अंगठा गमावलेल्या कामगाराला विमा योजनेत ३० टक्क्यांचा लाभ मिळेल. परंतु तेवढ्यावरून तो निराधार योजनेस किंवा एस. टी. च्या सवलतीस पात्र होत नाही, कारण तेथे शासकीय प्रमाणपत्रावरील किमान ४० टक्के अपंगत्व लागते. उलटपक्षी, जन्मतः ७० टक्के अपंग असलेल्या कामगाराला कारखान्यात अपघात न होता विमा योजनेचा कायम अपंगत्व लाभ मिळणार नाही. तो लाभ कामामुळे झालेल्या इजेसाठी आहे. घर आणि कामाचे ठिकाण यांच्या दरम्यान जाता-येता, कामाच्या संबंधाने झालेला अपघातही १ जून २०१० पासून कामावरील अपघात मानण्यात येतो, हे मात्र प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावे.

नोकरी टिकण्याचा प्रश्न

लाभ चालू राहील, पण नोकरीच राहिली नाही तर? कामगाराच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे.

शासकीय आस्थापनांत कायद्याचे संरक्षण भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अनुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यावयाचे असते. पद उपलब्ध नसेल, तर अधिसंख्य पद निर्माण करावयाचे असते. १९९५ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. पाय गमावलेल्या एका शिपायाला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मंजूर झाले, एवढ्याने त्याचा हा हक्क नाहीसा होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग यांच्या प्रकरणात दिला.

खाजगी कारखान्यांत तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असलेल्या किंवा उपचारांखाली असलेल्या कामगाराला त्या काळात काढून टाकता येत नाही. परंतु कायम अपंगत्व आल्यावर दुसरे काम देण्याचे जे स्पष्ट बंधन शासकीय आस्थापनांवर आहे, ते खाजगी मालकांवर तशाच शब्दांत नाही. म्हणून येथे कायद्याइतकाच कारखानदारांचा समंजसपणा आणि कामगार संघटनांची जागरूकता यांना महत्त्व आहे. अंगठा नसलेला माणूस प्रेस चालवू शकणार नाही; पण भांडार, तपासणी, नोंदी, सुरक्षा अशी कामे कारखान्यात असतात. वर्षानुवर्षे यंत्राशी परिचय असलेल्या अशा कामगाराच्या अनुभवाचा उपयोग करून घेणे हे कारखान्याच्याही हिताचे आहे.

कामगाराने काय करावे?

अपघात होताच त्याची नोंद कारखान्याच्या अपघात नोंदवहीत झाली आहे, याची खात्री करावी. किरकोळ वाटणारी इजाही नोंदवावी. कारण पुढे बोट आखडले वा दृष्टी मंदावली, तर ही नोंदच पुराव्याचे काम करते. उपचार विमा दवाखान्यात किंवा राज्य कामगार विमा योजनेच्या सातपूर येथील रुग्णालयात घेतले असल्यास सर्व कागद जपून ठेवावेत.

उपचार संपल्यावर शरीरात उणीव राहिली असेल, तर वैद्यकीय मंडळापुढे तपासणीसाठी विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात अर्ज करावा. पुन्हा कामावर रुजू झालो, म्हणून आता अर्ज करण्यात अर्थ नाही, असे मानू नये. मंडळाने दिलेली टक्केवारी कमी वाटल्यास विहित मुदतीत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयाकडे दाद मागता येते. मंडळाचा निर्णय तात्पुरता असेल, तर पुढील तपासणीची तारीख चुकवू नये.

लाभ सुरू झाल्यावर विहित वेळी हयातीचा दाखला देण्यास विसरू नये. 'नोकरीमुळे लाभ बंद झाला' अशी तक्रार काही वेळा ऐकू येते. अशा वेळी हा दाखला दिला होता काय, हे प्रथम तपासून पाहावे. लाभाची दैनिक रक्कम अगदी अल्प असेल, तर ठरावीक मर्यादेत ती एकरकमी घेण्याची मुभा आहे. मात्र ती स्वीकारल्यावर मासिक लाभ मिळत नाही, म्हणून हा निर्णय घाईने करू नये. कायम अपंगत्वामुळे नोकरीच सोडावी लागल्यास, दरमहा १० रुपयांप्रमाणे वर्षाची नाममात्र वर्गणी आगाऊ भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा पुढेही मिळविण्याची तरतूद योजनेत करण्यात आलेली आहे.

माजी सैनिकांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे, आणि निराधार योजनेच्या लाभार्थ्यांनी आपल्या तहसील कार्यालयाकडे चौकशी करावी. ऐकीव माहितीवर नोकरी सोडू नये आणि ऐकीव माहितीवर नोकरी लपवूही नये.

हेतू ओळखा

सारांश, अपंगत्वाचा कोणताही लाभ हाती पडला, की स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे पैसे मला कशासाठी मिळत आहेत? आजच्या बुडालेल्या मजुरीऐवजी असतील, तर कामावर गेलेल्या दिवशी ते घेता येणार नाहीत. कायमच्या हानीची भरपाई म्हणून असतील, तर पूर्णवेळ नोकरी करूनही ते निःशंक मनाने घ्यावेत. निर्वाहाचे साधन नाही म्हणून असतील, तर साधन मिळताच तसे कळवावे. आणि अपंगत्वाच्या वाढीव खर्चासाठी असतील, तर नोकरीच्या जोडीनेच त्यांचा लाभ घ्यावा.

राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. कायदे आणि योजना यांची संख्या आज मोठी आहे. परंतु सातपूरच्या एखाद्या चाळीत, बँडेज सोडलेल्या हाताकडे पाहत बसलेल्या कामगाराला योजनांच्या संख्येपेक्षा एका वाक्याची अधिक गरज असते. ते वाक्य त्याला त्याच्या शेजाऱ्याने, सहकाऱ्याने, संघटनेच्या कार्यकर्त्याने आवर्जून सांगावे : "कामावर जा. तुझा अंगठा गेला त्याची ही भरपाई आहे, आणि उद्याचा पगार तुझ्या कष्टांचा आहे. दोन्ही तुझेच आहेत."